रापाकिवीचा ओटा

६ जानेवारी, मंगळवार

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मला अमेरिकेत पहिली नोकरी लागली. दगडांच्या दुकानात. हिलियर्डच्या बाजूला मोठं गोडाऊन आहे, तिथे ग्रॅनाइट आणि मार्बलच्या लाद्या उभ्या करून ठेवलेल्या असतात. लोक येतात, स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी लादी निवडतात. आपण त्यांच्याबरोबर फिरायचं आणि गोड बोलायचं. मालकीण पद्मिनी राव, आंध्रातल्या ओंगोलची, वडिलांच्या तिथे खाणी. मी नागपूरची भूशास्त्रातली एम.एस्सी. आहे म्हटल्यावर ती म्हणाली, इथे त्याचा उपयोग नाही, पण तोटाही नाही. तोट्याचं तिला लवकरच कळेल.

पाय भरून आलेत. सिमेंटची जमीन आणि दारं सतत उघडी, त्यामुळे गार वारा. घरी आले तर कुमार, माझा नवरा, इस्त्रीचा शर्ट घालून स्टडीत, दार लावून. नोव्हेंबरात त्याची नोकरी गेली तेव्हापासून रोज हेच. सकाळी अंघोळ, दाढी, शर्ट, आणि स्टडी. पंचवीस वर्षं एका इन्शुरन्स कंपनीच्या सिस्टिम्स सांभाळल्या आणि एका छोट्याशा मीटिंगमध्ये त्याला मोकळं केलं.

हे आम्ही कोणालाही सांगितलेलं नाही, अगदी तिकडे ॲरिझोनात चँडलरला असलेल्या आमच्या मुलाला, वेदांतलाही नाही. ही कल्पना माझी. मार्चमध्ये कुमार साठ वर्षांचा होतोय आणि माझी मैत्रीण नीला हिने मराठी मंडळात केव्हाच जाहीर करून टाकलंय की साठीशांत दणक्यात करायची. नोकरी गेलेल्या माणसाला पाटावर बसवायचं आणि ओहायोतल्या आमच्या या सगळ्या डब्लिन गावाने त्याच्याकडे कीव करत बघायचं, हे मला बघवणार नाही. मी त्याला म्हटलं, शांत होऊ दे, मग सांगू सगळ्यांना. तो म्हणाला, "हो, शांत होऊ दे." वाद घातला नाही. मी नोकरी हौस म्हणून करते असं सांगायचं ठरलंय.

९ जानेवारी, शुक्रवार

आज गोडाऊनच्या मागच्या रांगेत माझा जुना ओळखीचा भेटला. दुकानात त्याला बाल्टिक ब्राउन म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरात हाच आहे. घर घेतलं तेव्हा कुमारला काळा ग्रॅनाइट हवा होता, मी हटून बसले होते. तपकिरी गोल गोल स्फटिक, प्रत्येकाभोवती हिरवट करडी कड, तुपात सोडलेल्या अनारशांसारखे एकमेकांना खेटून. याचं खरं नाव रापाकिवी. फिनिश शब्द आहे, आणि जगभरचे भूशास्त्रज्ञ तोच वापरतात. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं: रापा म्हणजे कुजका, किवी म्हणजे दगड. कुजका दगड. मी तेव्हा अधोरेखित केलं होतं.

नाव त्याच्या स्वभावावरून पडलंय. उघड्यावर असलेला हा खडक आपोआप भुगा होतो. घाव घालावा लागत नाही. आतले मोठे स्फटिक आणि त्यांच्या कडा ऊन-थंडीत सारख्या फुगत नाहीत, सारख्या आकसत नाहीत. फटीत पाणी जातं, गोठतं, आणि एक दिवस त्या धोंड्याची खडी झालेली असते. घरात, पॉलिश करून, तो कित्येक पिढ्या टिकेल.

हे सगळं मी एका तरुण जोडप्याला सांगितलं. त्यातल्या मुलीचं नाव रुही, डब्लिनमध्येच नवीन घर घेतलंय, आपल्यातलीच निघाली. त्यांना लादी आवडली होती. मी कुजका दगड म्हटल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पांढरं क्वार्ट्झ घेऊन गेले. पद्मिनी रागावली नाही. ती म्हणाली, आसावरी, लोकांना नावाचा अर्थ नको असतो, नाव हवं असतं. मराठी माणसाला गप्प बसवत नाही, मी काय करू? माहिती पोटात राहिली की मला अपचन होतं.

१७ जानेवारी, शनिवार

नीला आणि तिचा नवरा आले होते. ती मंडळाची अध्यक्ष नाही, पण अध्यक्षही तिला विचारून खोकतात. मेन्यू, गुरुजी, हॉल की घर, सगळं तिने ठरवूनच आणलं होतं. घरीच करायचं ठरलं. गॅरेजमध्ये होम, आत जेवण. कुमार सगळ्याला हो म्हणत होता. नीलाच्या नवऱ्याने रिटायरमेंटचं विचारलं तेव्हा मी घाईने म्हटलं, याला कुठे सोडतायत ते. कुमार हसला. छान हसतो तो, लोकांपुढे.

ती गेल्यावर मला इतका थकवा आला की भांडी तशीच ठेवून झोपले. खोटं बोलणं हे पायांवर उभं राहण्यापेक्षा जास्त दमवतं.

२२ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस बर्फ. दुकान बंद. कुमारने मला गॅरेजमध्ये बोलावून स्नो-ब्लोअर चालवायला शिकवलं. इतकी वर्षं ते त्याचंच खातं होतं. मी म्हटलं, तू आहेस ना. तर म्हणाला, यायला हवं तुला. तीनदा बंद करून माझ्याकडून परत सुरू करून घेतलं. शेवटी जमलं तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर तळघरात नेऊन पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह दाखवला, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर कसा बदलायचा ते दाखवलं.

मला बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा माणूस कशात तरी रमलेला दिसला.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज एक बाई आल्या. आयला लेहतो, निवृत्त शिक्षिका, एकोणऐंशी वर्षांच्या, एरी सरोवराकाठच्या फेअरपोर्ट हार्बरच्या. त्यांचे आजी-आजोबा फिनलंडहून तिथल्या गोदीत काम करायला आले. त्यांना बागेत बाक करायचाय, त्यावर बसायची शिळा फिनलंडचीच हवी. मी त्यांना सरळ मागच्या रांगेत नेलं आणि माझं व्याख्यान सुरू केलं. रापा म्हणजे कुजका, किवी म्हणजे दगड.

त्या म्हणाल्या, किवी बरोबर आहे, पण रापा कुजका कसा? त्यांच्या माहेरी रापा म्हणजे चिखल. वसंतात बर्फ वितळलं की मुलं जो बुटांना लावून घरात आणायची आणि आजी ज्याच्यावरून दारातच ओरडायची, तो. मी म्हटलं, आमच्या सरांनी कुजका सांगितलाय. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचे सर माझ्या आजीच्या घरी आले नव्हते." मला राग आला. पस्तीस वर्षं जपून ठेवलेली माहिती कोणी अशी पुसून टाकली की राग येतोच.

बाकाचा बेत मात्र मी मोडून काढला. म्हटलं, ओहायोचा हिवाळा, रोज गोठणार, रोज वितळणार. खाणीतला ताजा दगड घट्ट असतो, लगेच काही होणार नाही, पण बाहेर ठेवण्यासारखी याची जात नाही. आत ठेवलात तर जन्मभर. त्या विचार करते म्हणून गेल्या. पद्मिनी लांबून बघत होती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

शब्दकोशात शोधलं. फिनिशमध्ये रापा म्हणजे चिखल, राड. पण त्याच्यासारखंच एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ झिजून भुगा होणं. म्हणजे सर अगदीच चुकले नव्हते आणि आजीबाईही नव्हत्या. कोणत्या शब्दावरून कोणता आला ते मला ठरवता येईना. शब्द शास्त्रज्ञांनी केलेलाच नाही, ही गोष्ट मला फार आवडली. तिकडच्या शेतकऱ्यांचा शब्द. शेतातला मोठा धोंडा आपोआप ढासळतो हे त्यांना माहीत होतं, त्याची खडी ते रस्त्याला घालायचे. सतराव्या शतकात कोणी अभ्यासकाने तो लिहून घेतला आणि तो शास्त्राचा झाला. आपल्याकडे शास्त्राचा शब्द करायचा तर आधी संस्कृतकडे धाव. मुरूम हा आपला किती चांगला शब्द, पण तो ठेकेदारांकडेच राहिला.

हे सगळं कुमारला सांगायला गेले. त्याने ऐकलं. नेहमी तो मध्येच फोन उघडतो, आज नाही. शेवटी विचारलं, "घरात ठेवला तर टिकतो, नाही का?" मी म्हटलं, हो, घरात काय धाड भरलीय त्याला. तो परत स्टडीत गेला. त्याच्या लॅपटॉपचा चार्जर गेला आठवडाभर स्वयंपाकघरातल्या खणात पडून आहे. नोकरी शोधतो म्हणतो, कशावर शोधतो देव जाणे. बोलले नाही. बोलायला अंगात जोर नव्हता.

८ फेब्रुवारी, रविवार

कुमारने तबला मराठी शाळेला देऊन टाकला. पुण्याहून येताना मांडीवर घेऊन आणलेला तबला. मी का म्हणून विचारलं तर म्हणाला, वाजवत तर नाही, पोरांच्या हाताखाली तरी राहील. खरंच वाजवत नव्हता. बैठकीच्या खोलीत केवढी जागा झाली. शांतीच्या दिवशी तिथे दहा-बारा माणसं बसतील.

वजन कमी झालंय त्याचं. साठीच्या फोटोत छान दिसेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

प्रेसिडेंट्स डेचा सेल. सकाळपासून गर्दी. पद्मिनीने मला जरा बाजूला घेऊन सांगितलं की या महिन्यात मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेकांनी काही घेतलं नाही, आणि मार्चअखेरपर्यंत बघू. ती वाईट नाही. धंदा आहे. मी हो म्हटलं. नोकरी जाण्याची पाळी एकाच घरात किती वेळा यावी?

दुपारी आयलाबाई परत आल्या. म्हणाल्या, रापाकिवीच द्या. मी पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "मी ऐंशीला टेकलेय. माझ्यापुरता टिकेल." पद्मिनीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि मी पहिल्यांदाच तोंड बंद ठेवून लादी विकली.

घरी येऊन कुमारला सांगितलं तर तो हसला. मोठ्याने, खांदे हलवून, कितीतरी महिन्यांनी. हसणं थांबेचना. डोळे पुसत म्हणाला, "बरोबर आहे बाईंचं. आपल्यापुरता टिकला की झालं." मीही हसले. बऱ्याच दिवसांनी घरात दोन माणसं हसली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळभर कुमारने मला समोर बसवून शिकवलं. टॅक्स कुठे भरायचा, कोणत्या खात्यातून काय कापलं जातं, त्याची विम्याची पॉलिसी कुठे आहे, कोणाला फोन करायचा. मला जांभया येत होत्या. आठवडाभर उभं राहून शनिवारी परत शाळा. मी म्हटलं, हे तू बघतोस ना, मला कशाला? तो चिडला नाही. म्हणाला, "एकदा नीट ऐकून घे, मग मी निर्धास्त." परत पहिल्यापासून सांगितलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं.

दुपारी पुण्याला फोन. शाळेतला एक मित्र, कॉलेजातले दोन, मग त्याची आत्या. एकेकाशी बराच वेळ बोलला. गावभर फोन करून शांतीचं सांगतोय, इतका उत्साह कधीच दाखवला नव्हता. नीलाला सांगितलं तर ती म्हणाली, बघ, मी म्हणत होते ना, माणसाला सोहळा हवा असतो.

मला वाटतं तो सावरतोय. माझंच अंग मोडलंय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गुरुजींची यादी, केळीची पानं, कणीक, शेवया, धोतर. नीलाने साठ टी-लाइट आणलेत, कारण कणकेचे साठ दिवे करायला माझ्याकडे हात नाहीत. वेदांत सहा तारखेला येतोय. शांत होऊ दे, मग एक आठवडा मी कोणाशी बोलणार नाही.

काल ओट्यावर भाजी चिरत होते तर कुमार नुसता समोर उभा. काय हवं विचारलं तर म्हणाला काही नाही. ओट्यावरून हात फिरवत होता. मी म्हटलं, हात लावायचाच असेल तर मटार सोल. त्याने सोलले.

६ मार्च, शुक्रवार

वेदांत आला. वर्षाने बघतेय पोराला. विमानतळावरून आल्याआल्या कुमारने त्याला मिठी मारली, नंतर तो वर अंघोळीला गेला. वेदांत स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, इज बाबा ओके? ही लुक्स सो थिन. अँड ही हग्ड मी फॉर, लाइक, अ रिअली लाँग टाइम."

मी म्हटलं, डाएट करतोय, साठीला माणूस जरा हळवा होतो. तो म्हणाला, "ओके. बट ही लुक्स डिफरंट." मला जरा लागलं. मी रोज इथे आहे, मला दिसत नाही का? वर्षातून एकदा येऊन निदान करायला हा डॉक्टर आहे का? उद्याचा दिवस जाऊ दे, मग सांगेन त्याला नोकरीचं. तोपर्यंत नको.

७ मार्च, शनिवार

आज लिहिणं होणार नाही.

८ मार्च, रविवार

सकाळी घड्याळं एक तास पुढे गेली. घरात कोणी त्यांना हात लावला नाही. स्वयंपाकघरातलं अजून जुनीच वेळ दाखवतंय. कुमार आत्ता झोपलाय, वेदांत त्याच्याजवळ आहे. वेदांतने काल रात्री बाबाच्या खोलीत खाली गादी टाकली. मी लिहिते, नाहीतर विसरेन कसं झालं ते, किंवा मला हवं तसं आठवायला लागेन.

काल सकाळी सगळं यथासांग झालं. धूर झाला की अलार्म वाजू नयेत म्हणून कुमारने घरभरच्या स्मोक डिटेक्टरना हॉटेलातल्या शॉवर कॅप घातल्या होत्या, गुरुजी ते बघून हसले. होम झाला. मी साठ टी-लाइट लावून ओवाळलं. त्याच्या तोंडावर त्या सगळ्यांचा उजेड पडला होता आणि तो माझ्याकडे असा बघत होता की मी लाजले. खरंच लाजले. किती मूर्ख.

नंतर भाषणं. कुमारने कोणाला कधी नाही म्हटलं नाही, कोणाच्या मुलाला कॉलेजच्या अर्जात मदत केली, कोणाला विमानतळावर सोडलं. सगळं खरं. दर दोन भाषणांनंतर कोणीतरी विचारायचं, आता रिटायर कधी? तो म्हणायचा, बघू.

जेवणं सुरू झाल्यावर बायका स्वयंपाकघरात ओट्याभोवती जमल्या. रुहीपण होती, कोणाबरोबर तरी आलेली. तिने ओटा बघितला आणि म्हणाली, "काकू, आम्हाला कुजका म्हणून सांगितलंत आणि स्वतःच्या घरात तोच?" सगळ्या हसल्या. नीला म्हणाली, सांग बाई, सांगितल्याशिवाय तुला जेवण जायचं नाही. मग मी श्रीखंडाचा डाव हातात घेऊन सगळं सांगितलं. रापा, किवी, सर, आजीबाई, बुटांचा चिखल, शेतातला धोंडा आपोआप ढासळतो ते. लोक ऐकत होते. मला मजा येत होती. कुमार दारात ताट घेऊन उभा होता, त्याच्यामागे वेदांत.

कुमारने हे सगळं किती वेळा ऐकलंय. तरी त्याने विचारलं, "पडायच्या आधी कळतं का गं?"

मी मास्तरीण झालेच होते. म्हटलं, कळतं की. कडा सैल होतात. हात फिरवला की कण हाताला लागतात. पायाशी बारीक खडी साचायला लागते. वरून चांगला दिसतो, पण आतले स्फटिक एकमेकांना धरून नसतात. "मात्र रोज बघणाऱ्याला नाही कळत. वर्षाने येणाऱ्याला कळतं."

हे म्हणताना माझी नजर वेदांतवर गेली. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो बाबाकडे बघत होता.

मला वाटतं एखादा क्षणच गेला असेल. स्नो-ब्लोअर. व्हॉल्व्ह. तबला. पॉलिसी. आत्याला केलेला फोन. वेदांतला मारलेली मिठी. एकामागोमाग एक आलं, आणि प्रत्येकाखाली मी काय लिहिलं होतं तेही आलं. छान, रमला, सावरतोय, फोटोत चांगला दिसेल. माझ्या हातातून श्रीखंड ओट्यावर सांडलं. मला काहीतरी लगेच बोलायचं होतं आणि कुठून सुरुवात करायची ते कळेना, म्हणून पहिल्यांदा तोंडात आलं ते बोलले.

"कुमारची नोकरी नोव्हेंबरात गेली. आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं. मीच सांगायला लावलं."

 कुमारने ताट ओट्यावर ठेवलं आणि डिशवॉशरला टेकून, त्या नव्या धोतरात, जमिनीवर बसला. आणि रडायला लागला. मी त्याला कधी असं रडताना बघितलं नव्हतं, त्याची आई गेली तेव्हाही नाही. वेदांत त्याच्याशेजारी बसला. मी बसले. तो माझा हात धरून म्हणाला, "बरं केलंस. मला नव्हतं सांगता येत." पुन्हा पुन्हा तेवढंच.

नीलाला मी आजवर बरंच बोललेय मनातल्या मनात. काल तिने कोणालाही न विचारता सगळ्यांना डबे भरून दिले, बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. जाताना तिचा नवरा माझ्याजवळ वाकून म्हणाला की त्याची स्वतःची नोकरी दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि आठ महिने तो रोज सकाळी लायब्ररीत जाऊन बसायचा. मला माहीत नव्हतं. नीलालाही नव्हतं, कारण ती तिथेच दारात उभी होती आणि तिचा चेहरा मी बघितला.

आज सकाळी कुमार उठून माझ्याजवळ येऊन बसला. तो बोलणार नाही हे मला कळलं, म्हणून मी विचारलं. सरळ विचारलं, तू जाणार होतास का?

त्याने खूप वेळ खिडकीबाहेर बघितलं. बर्फ वितळून अंगणात राड झालीय.

"हो," तो म्हणाला.

"कधी?"

"शांत होऊ दे, असं म्हणाली होतीस ना तू. तेवढं होऊ देणार होतो."

 मी त्याच्या अंगावर माझी शाल घातली आणि वेदांतला उठवलं. त्याने डॉक्टरांच्या ऑफिसच्या इमर्जन्सी नंबरवर फोन केला. त्यांनी कुमारशी थोडा वेळ बोलून घेतलं, उद्या सकाळी पहिलीच वेळ दिली, तोपर्यंत त्याला एकटं सोडू नका म्हणाले, आणि त्याआधी काही वाटलं तर थांबू नका, सरळ इमर्जन्सीत आणा. कुमार चहा प्यायला. मग आम्ही तिघं एकाच सोफ्यावर दुपारपर्यंत बसून राहिलो. मला इतकी झोप येतेय की लिहिताना पेन घसरतंय, पण झोपायची भीती वाटते. वेदांत म्हणतो, तू झोप, मी बघतो.

९ मार्च, सोमवार

पद्मिनीला फोन करून सुट्टी सांगितली, कारणही सांगितलं. खरं कारण. ती म्हणाली, ये तेव्हा ये.

डॉक्टर तरुण बाई आहे. वेदांत गाडी लावायला गेला, आम्ही दोघं आत. तिने कुमारला त्याचं नाव विचारावं इतक्या साध्या आवाजात विचारलं, जगू नये असं वाटतं का?

कुमार तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागला. मला पहिल्यांदा कळेना काय ते. मग कळलं. मंडळात, नीलापुढे, वेदांतपुढे, नोव्हेंबरपासून कोणी काही विचारलं की तो असाच माझ्याकडे बघायचा, आणि मी उत्तर द्यायचे. इथेही काय सांगायचं नि काय नाही ते मी ठरवीन म्हणून तो थांबला होता.

मी म्हटलं, "मी बाहेर बसू?"

मला वाटलं नको म्हणेल. त्याने मान हलवली, हो.

मी बाहेर येऊन खुर्चीवर बसले. दोघांची जॅकेटं माझ्या मांडीवर. वेदांत आला आणि खुणेनेच विचारलं, काय? मी दाराकडे बोट केलं. आतून कुमारचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मध्येच थांबायचा, आणि मला वाटायचं झालं, आणि परत सुरू व्हायचा. बराच वेळ येत होता.